घरातला दवाखाना आणि त्याचा कचरा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मेळाव्यात पाहुण्याने विद्यार्थ्यांना अभ्यासाचे महत्त्व सांगावे आणि पालकांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून द्यावी, असा एक प्रघात आहे. आज तो प्रघात मी थोडा बाजूला ठेवणार आहे. माझा विषय आहे कचरा. आणि त्यातही औषधपाण्यातून आपल्या घरात जमा होणारा कचरा. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी क्वचितच असे एखादे घर असेल की ज्याच्या कपाटात, फळीवर किंवा दादीजानच्या उशाखाली गोळ्यांची एखादी अर्धी पट्टी पडलेली नाही. म्हणून हा विषय आपणा सर्वांचा आहे.

पूर्वी आणि आता

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना जुना दवाखाना आठवत असेल. इंजेक्शनची सिरिंज काचेची असे व ती पाण्यात उकळून पुन्हा वापरली जाई. औषध घेण्यासाठी घरून बाटली न्यावी लागे. कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर भरून देई आणि किती भाग केव्हा घ्यावयाचा हे कळावे म्हणून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी. औषध संपले की बाटली धुऊन ठेवली जाई. त्या पद्धतीत दोष होते. नीट न उकळलेल्या सुयांनी रोग पसरत. पण घरी येणारा कचरा मात्र नसल्यासारखाच होता.

आज दवाखानाच घरात आला आहे. साखर तपासण्याचे यंत्र, बोट टोचावयाच्या बारीक सुया, इन्सुलिनचे पेन, दम्याचा पंप, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची लघवीची पिशवी, मोठ्यांचे डायपर, जखमेच्या पट्ट्या आणि गोळ्यांच्या चांदीसारख्या चकाकणाऱ्या पाकिटांचा ढीग. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. यांतील सर्वच इन्सुलिन घेत नाहीत. पण जो रुग्ण दिवसातून दोन वेळा टोचून घेतो आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक वेळी नवी सुई वापरतो, त्याच्या एकट्याच्या घरातून वर्षाला ७३० सुया बाहेर पडतात. एका मोहल्ल्यात असे दहा रुग्ण धरले तर हा आकडा सात हजारांच्या वर जातो. या सात हजार सुया जातात कोठे, हा माझा आजचा पहिला प्रश्न आहे.

सुईचा प्रवास

सुई आधी घरातल्या केराच्या टोपलीत जाते. टोपली घंटागाडीत रिकामी होते. खामगाव असो, मलकापूर असो की बुलढाणा, गाडीवरचा सफाई कामगार हातानेच कचरा दाबतो व वेगळा करतो. पुढे कचरा डेपोवर प्लास्टिक, लोखंड, काच वेचणारे हात येतात. त्यांत बायका असतात, मुले असतात. वेचलेला माल भंगारच्या दुकानात येतो आणि तेथे पुन्हा एकदा हातांनीच निवडला जातो.

बंधूंनो, येथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. भंगाराचा धंदा करणारी अनेक कुटुंबे आपल्याच समाजातील आहेत. कष्टाचा, प्रामाणिक धंदा आहे तो. त्यावर घरे उभी राहिली आहेत आणि मुले शिकली आहेत. म्हणजे एका मोहल्ल्यातल्या सुखवस्तू घरातून बेफिकिरीने फेकलेली सुई फिरत फिरत दुसऱ्या मोहल्ल्यातील आपल्याच एखाद्या भावाच्या तळहातात शिरते. कदाचित त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावर बसत असेल.

खेड्यात घंटागाडी नाही, तेथे उकिरडा आहे. उकिरड्याचे खत होते आणि ते शेतात जाते. मग कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये निंदण करणाऱ्या बाईच्या हातात, किंवा अनवाणी चालणाऱ्या पोराच्या पायात ती सुई निघते. गुरांना टोचलेल्या सुयाही याच वाटेने जातात. शेळ्या-बकऱ्या तर उकिरड्यावर पट्टीसकट गोळ्या खातात.

एका टोचण्याने असे काय होणार, असे कोणी विचारील. वैद्यकशास्त्रात यासाठी एक ढोबळ हिशेब शिकवतात. रुग्णाच्या रक्ताने माखलेली ताजी सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर हिपॅटायटिस 'बी' होण्याचा संभव शंभरात तीसपर्यंत, हिपॅटायटिस 'सी'चा शंभरात सुमारे तीन आणि एच. आय. व्ही.चा हजारात तीन असा असतो. कचऱ्यातल्या जुन्या सुईपासून धोका यापेक्षा कमी, हे खरे. पण हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातदेखील किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. घंटागाडी तर दुसऱ्याच दिवशी येते.

गुजरातेतील मोडासा गावाचे नाव आपण ऐकले असेल. २००९ सालच्या फेब्रुवारीत त्या परिसरात हिपॅटायटिस 'बी'ची भयंकर साथ आली व अनेक माणसे दगावली. एकदा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने ती पसरल्याचे तपासात दिसून आले, आणि वापरलेल्या सिरिंज-सुया गोळा करून पुन्हा बाजारात आणण्याचा धंदाही त्याच वेळी उजेडात आला. म्हणजे अखंड, स्वच्छ दिसणारी सिरिंज जेव्हा आपण टाकून देतो, तेव्हा ती सर्वस्वी निरुपयोगी झाली असे समजू नये. एखाद्या लोभी माणसाच्या दृष्टीने तो मालच असतो.

कायदा काय म्हणतो

दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी आपल्या देशात पहिले नियम १९९८ साली आले. २८ मार्च २०१६ रोजी त्यांच्या जागी नवे नियम आले. दवाखान्यात आपण पिवळा, लाल, पांढरा व निळा असे डबे पाहतो, ते या नियमांमुळे. रक्ताने माखलेला कापूस व मुदत संपलेली औषधे पिवळ्यात, नळ्या-पिशव्यांसारखे प्लास्टिक लाल डब्यात, सुया व धारदार वस्तू पांढऱ्यात आणि काच निळ्यात, अशी ही विभागणी आहे.

फार थोड्यांना ठाऊक आहे की या नियमांत घरांचाही उल्लेख आहे. घरातल्या उपचारांतून निर्माण होणारा असा कचरा नागरिकाने वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा, आणि तो पुढे प्रक्रिया केंद्राकडे पोचावा यासाठी नागरी संस्थेने त्या केंद्राशी व्यवस्था करून ठेवावी, असे तेथे म्हटले आहे. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, ८ एप्रिल २०१६ रोजी निघालेल्या घनकचऱ्याच्या नियमांनीही मुदतबाह्य औषधे, वापरलेल्या सुया आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांना घरगुती घातक कचरा ठरविले आणि तो ओल्या-सुक्यापासून निराळा ठेवण्यास सांगितले.

तेव्हा आपले कर्तव्य आहे तसा आपला हक्कही आहे. आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. त्यांपैकी ज्या गावी आपण राहता तेथील नगर परिषदेला, 'घरातील सुया व औषधे यांसाठी काय व्यवस्था केली आहे?' असा साधा लेखी अर्ज आपण देऊ शकता. एका माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पन्नास पालकांच्या सह्यांचा अर्ज तसा पडून राहत नाही.

सुयांचा डबा

व्यवस्था होईपर्यंत हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. घरातल्या घरात बिनखर्चात पुष्कळ करता येते.

जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा एक डबा घ्या. कपडे धुण्याच्या द्रव साबणाची किंवा फिनाईलची रिकामी जाड बाटली उत्तम. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार जाते; काचेची बरणी नको, ती फुटते. बाटलीवर मराठीत, उर्दूत आणि हिंदीत ठळक अक्षरांत लिहा: 'वापरलेल्या सुया, उघडू नका'. हे काम मुलांना द्या. ते आनंदाने करतील आणि शिकतीलही.

सुई टोचून झाली की ती जागच्या जागी सरळ या डब्यात टाकावी. उशाशी, खिडकीत, चहाच्या बशीत ठेवू नये. दोन्ही हातांनी टोपण बसविण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक वेळा आपल्याच बोटाला टोचते ते याच वेळी. सुई हाताने वाकवू किंवा मोडू नये. इन्सुलिनच्या पेनची सुई तिच्या मोठ्या बाहेरच्या टोपणात धरून फिरवून काढावी. बोट टोचावयाच्या बारीक सुयांनाही हाच नियम. एकाची सुई किंवा पेन दुसऱ्याने कधीही वापरू नये, मग ते सख्खे भाऊ का असेनात.

डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. मग तो घंटागाडीत न टाकता आपण जेथे उपचार घेता त्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावा, आणि आधी विचारून त्यांच्या ताब्यात द्यावा. त्यांच्या पांढऱ्या डब्यातला कचरा उचलावयास गाडी येतेच. आपला एक बंद डबा त्यात फार मोठा बोजा नव्हे. खेड्यातील मंडळींनी आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरना विचारावे. डबा वर्षातून दोन-चार वेळाच भरतो. औषध आणावयास जाताना तो बरोबर नेणे अवघड नाही. विहिरीत, नाल्यात, संडासात किंवा शेताच्या बांधावर मात्र तो टाकू नये.

काही पालक म्हणतील, 'साहेब, आम्ही वेगळे करतो, पण गाडीवाला सारे एकत्रच करतो. मग उपयोग काय?' तक्रार खरी आहे. पण बंद डब्यातली सुई एकत्र कचऱ्यातही कोणाला टोचत नाही. त्या माणसाचा हात वाचतो. डबा ठेवण्याचा पहिला हेतू तोच आहे.

चुकून टोचलेच तर

घाबरू नये. ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. रक्त दाबून काढू नये, बोट तोंडात घालून चोखू नये, त्यावर हळद, चुना, तंबाखू किंवा कडक औषध लावू नये. लगेच सरकारी रुग्णालय गाठावे आणि काय टोचले ते न लाजता सांगावे. एच. आय. व्ही. टाळण्याची औषधे पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग नसतो. हिपॅटायटिस 'बी' विरुद्ध तर लसच आहे. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ती आता सर्वत्र दिली जाते. मोठ्यांपैकी भंगाराच्या, सफाईच्या किंवा दवाखान्याच्या कामात असलेल्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने अवश्य घ्यावी. तिचे तीन डोस असतात आणि ते तिन्ही पूर्ण करावे लागतात.

उरलेल्या गोळ्या

आता औषधांकडे वळू. घरात औषधे उरतात का? ताप उतरला की आपण गोळ्या बंद करतो. डॉक्टर बदलले की जुनी औषधे तशीच राहतात. घरातले वडीलधारे माणूस अल्लाला प्यारे झाले तरी त्यांच्या गोळ्यांचा डबा हलविण्यास कोणाचे मन होत नाही. आणि 'पैसे दिले आहेत, कधीतरी उपयोगी पडतील' ही काटकसरीची भावना असतेच. काटकसर चांगली, पण औषधाच्या बाबतीत ती अंगाशी येते. दादीजानची रक्तदाबाची किंवा साखरेची एक गोळी चॉकलेट समजून खाल्ली, तर दोन वर्षांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

पहिला उपाय म्हणजे औषध उरू न देणे. डॉक्टरांनी पाच दिवसांचा जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स दिला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय तो तिसऱ्या दिवशी सोडू नये. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिक स्वीकारताना, अपुऱ्या मात्रेने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतील असा इशारा दिला होता. तो इशारा आज खरा ठरला आहे.

दुसरे, महिन्यातून एकदा औषधांचा डबा तपासावा. पाकिटावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. ही तारीख पट्टीच्या एका टोकाला असते आणि दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा पुष्कळदा तीच कापली जाते. म्हणून दुकानदाराला नम्रपणे सांगावे, 'भाई, तारखेची बाजू आम्हाला द्या.' घरीसुद्धा गोळ्या तारीख नसलेल्या टोकाकडून फोडीत जावे.

तिसरे, टाकावयाचे कसे? रुग्णालय किंवा औषध दुकान परत घेत असेल तर सर्वांत चांगले. केरळ सरकारने घरोघरची न वापरलेली औषधे गोळा करण्याची योजना २०२५ साली कोळिकोडकडे सुरू केली. त्याच वर्षी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनेही टाकाऊ औषधांविषयी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. आपल्याकडे अशी सोय होईपर्यंत ही रीत ठेवावी: गोळ्या पाकिटातून काढाव्यात, त्यांची पूड करू नये. वापरलेला चहाचा चोथा, राख किंवा माती यांत त्या मिसळाव्यात, म्हणजे त्या कोणी उचलून खाणार नाही आणि विकणारही नाही. पातळ औषधही राखेत किंवा लाकडाच्या भुशात जिरवावे. हे मिश्रण जाड पिशवीत घट्ट बांधून निराळ्या, घातक कचऱ्यात द्यावे. रिकामी पाकिटे कात्रीने कापावीत, बाटलीवरील लेबल खरडून टाकावे. कर्करोगाची औषधे मात्र ज्या रुग्णालयातून आणली तेथेच परत करावीत. दम्याचा पंप भोसकू नये वा विस्तवात टाकू नये, तो स्फोटासारखा फुटतो.

एरवी औषध मोरीत किंवा संडासात ओतू नये. त्या पुस्तिकेने याला एकच अपवाद केला आहे. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोल, डायझेपाम यांसारखी १७ औषधे अशी आहेत की ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास एका मात्रेनेही जीव जाऊ शकतो. ती परत करण्याची सोय नसेल तर संडासात टाकून पाणी सोडावे, असे तिचे सांगणे आहे. बाकीच्या औषधांना ही सवलत नाही.

का नाही, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. नाल्यात गेलेले औषध नाहीसे होत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. अशा पाण्यात जे जंतू टिकतात ते औषधाला न जुमानणारेच टिकतात. घरातून जाणारे औषध त्यामानाने थोडे, हे मान्य. पण घरे थोडी नाहीत.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. एके काळी मेलेल्या जनावराभोवती गिधाडांचे थवे उतरत, हे येथील वृद्धांनी पाहिले आहे. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते, हे २००४ साली सिद्ध झाले. आणि २००६ साली सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. हे कचऱ्याचे उदाहरण नव्हे. पण एखाद्या प्राण्याला दिलेले औषध तेथेच संपत नाही, ते पुढे जाते, एवढे त्यावरून ध्यानात यावे. आपल्या जिल्ह्यात पैनगंगा उगम पावते. तिच्यावरील येळगाव धरणाचे पाणी बुलढाणा शहर पिते. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे आणि तेथील लोकांना किडनीच्या आजाराची चिंता आधीच आहे. अशा मुलखात पाण्यात आणखी काही मिसळण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

पट्ट्या, डायपर, नळ्या

रक्त-पू लागलेला कापूस, पट्ट्या, डायपर, सॅनिटरी पॅड हे सारे वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदात गुंडाळावे आणि त्यावर लाल खूण करावी. पुण्यातील कचरावेचक भगिनींनी ही लाल ठिपक्याची रीत चालविली. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या बायकांना संघटित केले आणि पुढे त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यांचे म्हणणे साधे आहे: आत काय आहे ते बाहेरून कळू द्या, म्हणजे आम्हाला ते हाताने उघडावे लागणार नाही. अडाणी समजल्या गेलेल्या बायकांनी शिकलेल्यांना दिलेला हा धडा आहे.

लघवीची पिशवी आधी संडासात रिकामी करावी, मग नळी कात्रीने कापून पिशवी गुंडाळून द्यावी. फरशीवर रक्त सांडले तर हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून, एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर मिसळून ते पाणी त्यावर दहा मिनिटे ठेवावे व पुसावे. हे पाणी संडासच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. क्षयरोग्याने उघड्यावर थुंकू नये. झाकणाच्या डब्यात फिनाईल घालून त्यात थुंकावे व तो डबा संडासात रिकामा करावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोळ्यांत एक दिवसही खंड पडू देऊ नये.

पारा आणि विस्तव

काही घरांत अजून पाऱ्याचा थर्मामीटर आहे. तो फुटला की मुले चमकते मणी हातात घेऊन खेळतात. हे ताबडतोब थांबवावे. मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, हातातल्या सोन्याच्या अंगठ्या-बांगड्या उतरवून ठेवाव्यात, कारण पारा सोन्याला चिकटून ते खराब करतो. झाडूने झाडू नये, मणी अधिक विखुरतात. जाड पुठ्ठ्याने ते गोळा करून पाणी असलेल्या लहान बाटलीत बंद करावेत आणि रुग्णालयात द्यावेत. यापुढे डिजिटल थर्मामीटरच घ्यावा. मात्र त्यातला बटणासारखा सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये, तो गिळला तर अन्ननलिका जळते.

'हे सारे जाळून टाकले तर?' असा प्रश्न नेहमी येतो. दवाखान्याचा कचरा जाळावयाच्या भट्टीत पहिल्या कप्प्यात किमान ८०० आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. आपल्या अंगणातल्या शेकोटीत तेवढी उष्णता निर्माण होत नाही. प्लास्टिक अर्धवट जळून डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात, ते शेजारच्या घरात शिरतात आणि सुई तर राखेत अणकुचीदारच राहते. तेव्हा जाळणे हा उपाय नव्हे.

आपण काय करावे

बंधू-भगिनींनो, एवढे सांगून थांबलो तर हे व्याख्यान स्मरणिकेच्या पानांतच राहील. म्हणून चार गोष्टी सुचवितो.

पहिली: प्रत्येक घरात एक सुयांचा डबा, एक कात्री आणि महिन्यातून एक दिवस औषधांच्या तपासणीचा. घरातील शिकणाऱ्या मुलामुलीने ही जबाबदारी घ्यावी. अम्मी-अब्बांना अक्षर वाचता येत नसेल तर तारीख वाचून दाखवावी. शिक्षणाचा घराला पहिला उपयोग असाही होऊ शकतो.

दुसरी: समाजातील जे बांधव औषधाची दुकाने चालवितात त्यांनी दुकानात एक कुलूपबंद पेटी ठेवण्याचा विचार करावा. त्यात ग्राहकांनी मुदतबाह्य औषधे टाकावीत आणि दुकानदाराने ती आपल्या मालाबरोबर नियमाप्रमाणे मार्गी लावावीत.

तिसरी: भंगाराचा धंदा करणाऱ्या बांधवांनी दवाखान्याच्या सिरिंज, सलाईनच्या बाटल्या विकत घेऊ नयेत, मग भाव कितीही मिळो. हातात जाड मोजे घालावेत, लस घ्यावी आणि लहान मुलांना या निवडीच्या कामाला लावू नये. मुलाची जागा शाळेत आहे.

चौथी: विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी. बुलढाण्याला २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्यातील मुलेमुली तेथे डॉक्टर होतील, कोणी नर्स होतील, कोणी औषधनिर्माता होतील. ज्या दिवशी आपण हातात पहिली सुई धराल, त्या दिवशी ती कोणाला टोचावयाची एवढाच विचार करू नका; टोचून झाल्यावर ती कोठे जाईल, याचाही करा.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांना आपण सारे ओळखतो. हातात खराटा घेऊन गाव झाडणारा हा माणूस कोणाच्या जातीधर्माचा कचरा आहे हे पाहत नसे. पाकी-सफाईचा संस्कार आपल्या घरांतही लहानपणापासून दिला जातो. अंगण झाडल्याशिवाय आपल्या मायबहिणींना चैन पडत नाही. परंतु आपले अंगण झाडून केर दुसऱ्याच्या दारात लोटला, तर ती सफाई अर्धीच राहते. आपल्या उंबऱ्याबाहेर जो हात आपला कचरा उचलतो, त्या हाताला जखम होऊ न देणे हा तिचा उरलेला अर्धा भाग आहे.

आज घरी गेल्यावर पहिल्याप्रथम औषधांचा डबा खाली काढा, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.